मदत हवी आहे : चोरी कुठंही झाली की भावालाच उचलतात
आम्ही पारधी, बीड जिल्ह्यातले. परिसरात घरफोडी झाली की पोलीस थोरल्या भावाला रात्री घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी सोडतात. दिवाळीपासून चारदा झालं. एकही गुन्हा दाखल नाही, नोटीस नाही, अटकेचा कागद नाही. अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला गेला म्हणतात, तो गेल्याची खबर आमच्या वस्तीवर अजून यायचीय!

पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही. भावाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये (पोलीस ठाण्यातली नजरेखालच्या लोकांची नोंद) आहे का, हे माहिती अधिकारात विचारलं; नकार आला, पहिलं अपील टाकलंय. जातीचा दाखला आणि वैधता दोन्ही आहेत. सीसीटीव्ही फुटेज मागितलेलं नाही, ते सुचलंच नाही. खासगी वकील परवडणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळेल, पण त्याला नेमकं काय सांगू?

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या (त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, आमच्यासारख्या) लोकांना मनमानी अटक करू नका, असा निर्देश दिलाय. त्याच्या आधारे थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येईल, की आधी मानवी हक्क आयोगाकडे जावं लागेल? आणि हिस्ट्रीशीटची प्रत हाती नसताना नाव काढण्याची मागणी टिकते का?