जुन्या रेल्वे स्थानकात एसी? आधी माथ्यावरच्या झडपा उघडा

धुराडे (धागाकर्ता):
शंभर-सव्वाशे वर्षांच्या स्थानकाचं नूतनीकरण निघालं की आराखड्यात 'संपूर्ण वातानुकूलित दालन' हमखास असतं. माझा त्याला विरोध आहे. बंद खोल्यांना एसी लावा, पण मुख्य दालन आणि फलाट यांना नको.

या इमारती बांधताना हवेचा विचार झालाच नव्हता, असं अनेकांना वाटतं. पण लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचं १८६८ चं छप्पर बघा. रुंदी सुमारे ७३ मीटर, उंची ३० च्या आसपास, मध्ये एकही खांब नाही. त्या काळच्या अशा छपरांच्या माथ्यावर धूर-वाफ जायला झडपा असत. तापलेली हवा तिथून बाहेर पडायची आणि तिच्या जागी खालच्या कमानींतून ताजी हवा यायची. पुढे वाफेची इंजिनं गेली. मग पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून कित्येक ठिकाणी त्या वाटा पत्रे ठोकून बंद केल्या गेल्या. आता गरम हवा छपराखाली कोंडते आणि खापर इमारतीवर फुटतं.

थंडोबा:
तीव्र असहमत. बाहेर ४२ अंश असतील तर तुमची 'ताजी' हवाही ४२ चीच येणार. आणि गर्दीचा हिशेब कुठे आहे? नुसता उभा माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. दोन हजार माणसं म्हणजे २०० किलोवॅट, म्हणजे जवळपास ५७ टनांचा एसी फक्त माणसांसाठी. दिवे, माहितीचे स्क्रीन, खाण्याचे स्टॉल वेगळेच. तासभर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या आजींना कमानीचं कौतुक सांगणार का?

चुनाविटा:
उष्णतेचा हिशेब बरोबर आहे, पाण्याचा राहिला.

जुन्या भिंती दगड-विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. जमिनीतली ओल त्या शोषतात आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू सोडतात. आतली हवा एसीने कोरडी केली की ओल जास्त प्रमाणात आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर क्षारही येतात. पृष्ठभागाच्या जरा आत त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आतच अडकते, मग विचारूच नका.

दमट दिवसांत उलटा त्रास. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे २६ अंशांवर असतो. सतत उघड्या दारांतून ती हवा २४ अंशांच्या दालनात आली की गार भिंतीवर, नक्षीवर, डक्टवर (गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीवर) पाणी धरतं. रात्री एसी बंद, सकाळी चालू. हे रोजचं ओलं-कोरडं लाकडाला आणि प्लास्टरला सगळ्यात वाईट.

थंडोबा:
मग चालू-बंद करू नका, आर्द्रता सांभाळा, दारांना एअर कर्टन (वरून हवेचा झोत सोडून बाहेरची हवा अडवणारं यंत्र) लावा. पॅरिसचं ओर्से स्थानक १९०० चं, १९८६ पासून तिथे संग्रहालय आहे. तिथली चित्रं सांभाळलेल्या हवेत ठेवता येतात, मग माणसांनीच काय पाप केलंय?

धुराडे:
तिथे गाड्या येत नाहीत हो! माद्रिदच्या अतोचा स्थानकाचंही तेच. १८९२ च्या जुन्या दालनात १९९२ मध्ये बाग केली आणि गाड्या शेजारच्या नव्या इमारतीत नेल्या. चालत्या स्थानकाची दारं मिटत नाहीत आणि एअर कर्टन एवढ्या कमानी अडवू शकत नाही.

शिवाय ३० मीटर उंचीची हवा गार करायची कशाला? माणूस खालच्या दोन मीटरांत असतो. बाकांच्या पायथ्यातून संथ, किंचित गार हवा सोडा आणि वर मोठे सावकाश फिरणारे पंखे लावा. नुसत्या वाऱ्यानेही अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतं.

रात्रपाळी:
अशा कामांवर राहिलोय म्हणून लिहितो. दालनावरून वाद चालतो, पण खरे भाजतात ते तिकीट खिडकीमागचे लोक. छोटी खोली, संगणक, आठ तासांची पाळी. मग प्रत्येक खात्याने आपापला स्प्लिट एसी आणायचा, त्याचं धूड कोरीव दर्शनी भिंतीवर टांगायचं आणि पाण्याची नळी त्याच दगडावर सोडायची. माझ्या मते जुन्या स्थानकांचं सर्वाधिक नुकसान या सुट्या एसींनी केलंय. एकच चिलर (पाणी गार करणारं मोठं यंत्र) आवाराच्या मागे ठेवून थंड पाण्याचे पाइप जुन्या तळघरातून फिरवले तर निम्मी भोकं वाचतात.

चुनाविटा:
याला +१. आणि कृपा करून डक्टला नकली गॉथिक नक्षी नको. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही म्हटलंय की नव्याने घातलेलं काम नवं म्हणून ओळखू यावं. उद्या काढावं लागलं तर दगडाला धक्का न लावता निघालं पाहिजे.

थंडोबा:
खोल्यांपुरतं मान्य. दालनाचं नाही. पंखे दवबिंदू बदलत नाहीत, घाम वाळतच नसेल तर वारा घेऊन करू काय? आणि झडपा उघडल्यावर पाऊस, कबुतरं परत येणारच ना?

धुराडे:
जाळी, आणि पाऊस लागताच मिटणाऱ्या मोटारीच्या झडपा.

थंडोबा:
म्हणजे यंत्र आलंच. ते बिघडलं की पुन्हा पत्रे!

रात्रपाळी:
हे मात्र खरं. शेवटची गाडी गेल्यापासून पहिली येईपर्यंत दोन-तीन तास मिळतात. त्यात परांची उभी करायची, मोटार बघायची, परांची उतरवायची. कोण करतंय रोज? माथ्यावर माणूस चालेल अशी कायमची वाट आराखड्यात आहे का, ते आधी दाखवा.