फासे टाकून स्टॅट्स घ्यायचे की पॉइंट बाय?

मशालवाला:
नवं कॅम्पेन सुरू करतोय. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ), पाचवी आवृत्ती, 2014चे नियम, खेळणारे पाच. गोष्ट सुरूही झाली नाही आणि भांडण सुरू: कॅरेक्टरचे स्टॅट्स (ताकद, बुद्धी वगैरे सहा गुणांचे आकडे) फाशांवर ठरवायचे की पॉइंट बाय, म्हणजे ठरलेल्या पॉइंटांत विकत घ्यायचे? मी डीएम (खेळ चालवणारा) आहे आणि माझं ठरलंय, फासे नकोत.

मागच्या वेळी चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्यायची, अशी रीत ठेवली होती. एकीला दान पडलं 18, 16, 15, 14, 12, 11. तिच्या शेजारच्याला 13, 11, 10, 10, 8, 7. मोडिफायर, म्हणजे स्टॅटवरून ठरणारे नि दानात मिळवायचे आकडे, जोडले तर तिचे अधिक 12, त्याचे उणे 2. त्याने रोग, म्हणजे चोराचं कॅरेक्टर, घेतला (आणि निघालाही रोगटच). कुलूप तिने उघडायचं, सापळा तिलाच दिसायचा, पहारेकऱ्याला गुंडाळायचं तेही तिनेच. तिसऱ्या बैठकीपासून त्याची पाळी आली की तो मोबाइलमधून डोकं वर काढून एवढंच म्हणायचा, "मी हेल्प करतो." फासे टाकायला दहा मिनिटं लागली, भोगायला आठ महिने.

पॉइंट बायमध्ये सगळ्यांना 27 पॉइंट. गरीब नाही, श्रीमंत नाही.

जुना गडी:
आणि चेहरा पण नाही. 27 पॉइंटांचा फायटर मी डोळे मिटून सांगतो: स्ट्रेंग्थ 15, कॉन्स्टिट्यूशन 15, इंटेलिजन्स 8. जगातले सगळे फायटर मठ्ठ आणि सगळे विझर्ड काटकुळे! तुमचं कॅरेक्टर जन्माला येत नाही, त्याचं बजेट मंजूर होतं.

माझा आवडता क्लेरिक तीन फाशांवर, पडेल त्या क्रमाने झाला होता. करिझ्मा 5. देवाचा माणूस, पण तोंड उघडलं की गाव अंगावर यायचं. पॉइंट बायमध्ये 8च्या खाली जाताच येत नाही, म्हणजे तो मला कधी भेटलाच नसता. फाशांचं दान पसंत नाही म्हणून पाटच उधळणं, याला रडीचा डाव म्हणतात.

मशालवाला:
जुन्या खेळाची गोष्ट जुन्या खेळात ठेवा ना. 1974च्या मूळ नियमांत स्ट्रेंग्थ 18 असली तरी वार लागायला कवडीची मदत नव्हती. फायटरला अनुभवाचे गुण 10 टक्के जास्त, बस. स्ट्रेंग्थचा हिशेब वाराशी जोडला तो पुढच्या वर्षीच्या पुरवणीने. तेव्हा 7 काय नि 15 काय, माणूस खेळात राहायचा. आता प्रत्येक हल्ल्यात, प्रत्येक सेव्हमध्ये (संकटातून वाचायच्या दानात) तो मोडिफायर येतो. 18वाल्याला कॅरेक्टरच्या वंशाचे (एल्फ, ड्वार्फ वगैरे) 2 मिळाले की पहिल्याच लेव्हलला 20. माझा 15वाला 17वर सुरू करणार आणि 20ला पोचणार बहुतेक क्लासमध्ये आठव्या लेव्हलला. पहिल्या तीन लेव्हल वीस बाजूंच्या फाशावर सरळ 10 टक्क्यांचा फरक.

घुबड:
दोघांनी जरा गणित बघा. चार टाकून एक सोडला तर सरासरी येते 12.24. सहा आकड्यांत निदान एक 18 पडण्याची शक्यता 9 टक्क्यांच्या आसपास. पाच जण टाकणार म्हणजे कुणाला तरी 18 मिळायची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जवळ, आणि ज्याला मिळेल त्याला "घरी टाकून आलो" म्हणायची सोय अजिबात देऊ नका. असे घरचे फासे शकुनीकडेही होते.

आमच्याकडे सगळे टेबलावर टाकतात, मग सगळ्यांनी मिळून एकच संच निवडायचा आणि तोच सगळ्यांचा. नशीबही आलं, समानताही आली.

जुना गडी:
म्हणजे पाच जणांना एकच कपडा, फक्त शिवण वेगळी. नको.

पिसलेला पत्ता:
फासे बाजूला ठेवा, पत्ते घ्या. एका कॅटमधून छक्के, पंजे, चव्वे सगळे, म्हणजे चार-चार. तिऱ्या, दुऱ्या, एक्के दोन-दोन. झाले 18 पत्ते आणि बेरीज 72. पिसा, तीन-तीनच्या सहा गड्ड्या लावा, उलटा. आकडे कसेही पडोत, बेरीज प्रत्येकाची 72च. नियमपुस्तकात तयार संच मिळतो ना, 15, 14, 13, 12, 10, 8, त्याचीही तेवढीच. तीन छक्के एकत्र आले तर 18, आणि मग बाकीच्या गड्ड्यांना त्याची किंमत मोजावीच लागते. जुन्या गड्याचा 5वाला क्लेरिकही यातून निघू शकतो.

घुबड:
बेरीज सारखी म्हणजे ताकद सारखी, असं नाही. मोडिफायर समसंख्येलाच वाढतो. कुणाला 13, 13, 13, 11, 11, 11 आले तर बेरीज 72च, पण मोडिफायर मिळून फक्त 3. दुसऱ्याला सहाही सम आले तर 6.

मशालवाला:
अधिक 12 विरुद्ध उणे 2 बघून आलेल्या माणसाला 3 नि 6चं काय भय दाखवता!

पिसलेला पत्ता:
त्यालाही उपाय आहे. शेवटी एकदाच, दोन गड्ड्यांतला एकेक पत्ता अदलाबदल करू द्यायचा. 13ची गड्डी 6-4-3, 11ची 5-4-2. तिर्री आणि दुर्री बदलली की दोन्हीकडे 12, मोडिफायर एकाने वाढला.

जुना गडी:
पाचचा आकडा मात्र कुणी बदलायचा नाही. एवढं कबूल असेल तर मी पत्ते पिसायला तयार आहे.