पेनड्राइव्हवरील उबंटूमध्ये केलेले बदल टिकत नाहीत

प्रश्न
आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर विंडोज असून त्यांच्या डिस्कवर काहीही टाकण्याची परवानगी नाही. मात्र पेनड्राइव्हवरून बूट करण्यास हरकत नसल्याचे शिक्षकांनी सांगितले आहे. त्यामुळे मी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस (बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम) वापरून उबंटू या लिनक्स प्रणालीची आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील प्रत) चढवली. ती व्यवस्थित सुरू होते, परंतु संगणक बंद केला की टाकलेले प्रोग्रॅम, वायफायचा पासवर्ड, इतकेच काय, निवडलेला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही नाहीसा होतो. पेनड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी असताना असे का होते?

उत्तर १
मोकळ्या जागेचा येथे संबंधच येत नाही. लाइव्ह, म्हणजे स्थापना न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या, उबंटूची संपूर्ण प्रणाली स्क्वॅशएफएस या दाबून बसवलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते आणि तुम्ही केलेला प्रत्येक बदल तिच्यावर अंथरलेल्या एका पातळ थरात, म्हणजे रॅममध्ये, लिहिला जातो. वीज गेली की तो थरही जातो. हा थर पेनड्राइव्हवर ठेवण्याच्या सोयीला पर्सिस्टन्स म्हणतात. रुफसमध्ये आयएसओ निवडल्यावर त्यासाठीची सरकपट्टी दिसते. ती ८ ते १० जीबीपर्यंत ओढून पेनड्राइव्ह पुन्हा तयार करा. असे करताना त्यावरील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवा.

उत्तर २
वरील उत्तर बरोबर आहे, पण एक अडचण त्यात आलेली नाही. पर्सिस्टन्स असले तरी कर्नल (प्रणालीचा गाभा) मूळ आयएसओमधलाच सुरू होतो, त्यामुळे कर्नलचे अपडेट घेऊन उपयोग होत नाही. शिवाय इतर अपडेट घेतल्यास जुनी फाइल खालच्या थरात तशीच राहते व नवी वरच्या थरात जागा खाते. दोन-तीन महिने रोज वापरायचे असेल तर यूएसबी एसएसडीवर उबंटूची पूर्ण स्थापना करणे मला अधिक योग्य वाटते. साधे पेनड्राइव्ह विखुरलेल्या लहान फाइली लिहिताना फार मंदावतात. पाकिटावर छापलेला वेग मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो.

मात्र ही स्थापना प्रयोगशाळेत कदापि करू नका. बाह्य डिस्क निवडलेली असूनही इन्स्टॉलर बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) संगणकाच्या अंतर्गत डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे असे बूटलोडर ठेवण्याच्या भागात, लिहून मोकळा झाल्याचे मी स्वतः भोगले आहे. घरी व्हर्च्युअल मशिनला (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकाला) केवळ ती यूएसबी डिस्क जोडून स्थापना केली की हा धोका उरत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सध्या पर्सिस्टन्सच करून पाहतो. सिक्युअर बूट (केवळ मान्य स्वाक्षरी असलेलेच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करावे लागेल का?

उत्तर ३
उबंटूसाठी नाही, कारण त्याचा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीसह येतो. उगाच बंद केलेत आणि त्या संगणकावर बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते व ती तुमच्याकडे नसणार. आणखी एक: रुफसने केलेले पर्सिस्टन्स पार्टिशन कूटबद्ध नसते. पेनड्राइव्ह हरवला तर ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड सापडणाऱ्याच्या हाती पडतील, तेव्हा ते त्यात जपूच नका.