ओपीएनसेन्सवर दोन पोर्ट ब्रिज केले, पण तिसऱ्या पोर्टवरच्या पीसीला आयपी मिळत नाही

छापखानावाला, सांगली:
नमस्कार मंडळी. आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आतला स्विच जळाला. नवा येईपर्यंत फायरवॉलच्या पेटीचेच रिकामे पोर्ट वापरू म्हटलं. चार पोर्टचा मिनी पीसी आहे, त्यावर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर चालतं. पहिल्यावर इंटरनेट, दुसऱ्यावर लॅन, पत्ता १९२.१६८.१०.१. दुसरा आणि तिसरा मिळून ब्रिज केला, म्हणजे दोन्ही पोर्ट स्विचसारखे एकत्र जोडले. दुसऱ्यावरचा डिझाइनचा पीसी व्यवस्थित चालतो. तिसऱ्यावर प्लेट काढायच्या मशीनचा पीसी आहे, त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतोय (आयपी न मिळाल्यावर पीसी स्वतःच घेतो तो). हाताने १९२.१६८.१०.५० दिला, तरी तिथून डिझाइनच्या पीसीला पिंग जात नाही. दोन्ही एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) हवेत, कारण प्लेटचं सॉफ्टवेअर ब्रॉडकास्ट करून, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारून, एकमेकांना शोधतं. केबल दोनदा बदलली, दिवे लागतात. शनिवारी लग्नपत्रिका द्यायच्या आहेत.

पॅकेट_नागपूर:
दादा, केबल बदलू नका. प्लेटच्या पीसीवरून पिंग मारा आणि लगेच 'एआरपी -ए' टाइप करा. यादीत डिझाइनच्या पीसीचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) दिसतोय का ते सांगा.

छापखानावाला, सांगली:
ताई, दिसतोय! मॅक बरोबर आहे, पिंग मात्र टाइमआउट.

पॅकेट_नागपूर:
म्हणजे ब्रिज चालू आहे. ब्रिज फक्त मॅक बघतो. कुठला मॅक कुठल्या पोर्टकडून आला हे टिपून ठेवतो आणि फ्रेम (डेटाचा तुकडा) त्याच पोर्टला सोडतो. माहीत नसलेला मॅक किंवा ब्रॉडकास्ट असेल तर बाकीच्या सगळ्या पोर्टना सोडतो. तुमचा एआरपी ('या आयपीचा मॅक कुठला?' ही हाक) तसाच पलीकडे पोचला, कारण फायरवॉल एआरपी तपासत नाही. आयपीचं पॅकेट मात्र तपासतं, आणि मुळात ही तपासणी ब्रिजमधल्या एकेका पोर्टवर होते. नव्या पोर्टवर एकही नियम नसतो आणि नियम नाही म्हणजे सगळं बंद. डीएचसीपीची (आपोआप आयपी मिळवण्याची) मागणीही तिथेच अडकली, म्हणून १६९.२५४.

तिसऱ्या पोर्टवर 'सगळं जाऊ दे' असा नियम टाकलात तरी काम भागेल, पण मी तसं करणार नाही. पत्ता अजून दुसऱ्या पोर्टवरच राहतो. ती केबल निघाली की गेटवे (नेटकडे जायचा रस्ता) जातो, मग तिसऱ्यालाही नेट नाही. पत्ता ब्रिजचा असावा, पोर्टचा नव्हे.

क्रम नीट पाळा, नाहीतर बाहेर अडकाल. आधी कॉन्फिगचा बॅकअप. दुसरा पोर्ट ब्रिजमधून काढा, फक्त तिसरा आणि चौथा ठेवा. ट्यूनेबल्समध्ये (सिस्टिमच्या बारीक सेटिंगमध्ये) 'पीफिल_मेंबर' ० आणि 'पीफिल_ब्रिज' १ करा, म्हणजे तपासणी पोर्टऐवजी ब्रिजवर होईल. असाइनमेंटमध्ये लॅनला ब्रिज जोडा. आयपी, डीएचसीपी, नियम सगळं लॅनसोबत तिकडे जातं. रीबूट करा, लॅपटॉप चौथ्या पोर्टला लावून लॉगिन करा, आणि जुना दुसरा पोर्ट सगळ्यात शेवटी, पत्ता न देता, ब्रिजमध्ये घाला.

कोल्हापूरकर:
ताईंनी अचूक सांगितलं. एक भर घालतो. वायफायच्या डब्याला दोन केबल असतील तर दोन्ही या ब्रिजला लावू नका, वाटेचं वर्तुळ तयार होतं. आयपी पॅकेट टीटीएल (किती टप्पे जगायचं तो आकडा) संपला की मरतं. इथरनेट फ्रेमला टीटीएल नसतो, ती गोल फिरतच राहते. आमच्या गोडाऊनमध्ये असं झालं तेव्हा सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात फडफडत होते आणि लॉगिनचं पानही उघडेना. ब्रिजला एसटीपी (असं वर्तुळ ओळखून तोडणारी सोय) चालू करा. आणि स्विच आला की तोच वापरा. प्लेटच्या जड फायली स्विचची चिप सहज हलवते, ब्रिजमध्ये तेच काम सीपीयूला करावं लागतं.

छापखानावाला, सांगली:
झालं! रीबूटनंतर चौथ्या पोर्टवर लॅपटॉपला पत्ता मिळाला तेव्हाच जीव भांड्यात पडला. प्लेटच्या पीसीला १९२.१६८.१०.११३ आला, सॉफ्टवेअरला मशीन सापडलं आणि आत्ता पत्रिकेची पहिली प्लेट निघाली. ताई, काका, मनापासून आभार. वायफायची दुसरी केबल काढून ठेवली आहे. स्विच सोमवारी येतोय. तो लॅनच्या एकाच पोर्टला लावला की ब्रिज मोडायचा का तसाच ठेवायचा?

पॅकेट_नागपूर:
तसाच राहू द्या. एकाच पोर्टला केबल असेल तर काही बिघडत नाही, आणि स्विच पुन्हा गेला तर पोर्ट तयार असतील.