ड्यूररचा ससा, कुत्री आणि "चमचेगिरी"

भटकभवानी: काल इथे एकांनी लिहिलं की जुन्या युरोपियन मास्टर्सची शिकारीची ड्रॉइंग्ज म्हणजे राजेरजवाड्यांची चमचेगिरी, कुत्री आन हरणं नुसती शोभेला. डोकं सणकलं म्हणून हा धागा. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ चा ससा बघा जरा, मागे झाडी नाही शिकारी नाही, कोरा कागद, एकेक केस ब्रशने काढलाय आणि डोळ्यात चक्क खिडकीची चौकट दिसते, ह्यात कुठला राजा आला? त्याच्या शिकारी संत युस्टेसच्या एनग्रेव्हिंगमधली (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) पाच ग्रेहाउंड, म्हणजे सडपातळ शिकारी कुत्री, घ्या, त्यातल्या एकाचा ब्रशने केलेला स्टडी इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसरच्या संग्रहात आहे. खपाटीचं पोट एवढं निरखून कोण शोभेसाठी काढतं?

तिरशिंगराव: ते वाक्य माझंच, मागे घेणार नाही. सोयीचा ससा उचललात. फ्लेमिश चित्रकार स्ट्राडानुसने फ्लोरेन्सच्या सत्ताधारी मेडिची घराण्याच्या पोज्जो आ कायानोच्या महालातल्या टॅपेस्ट्रीसाठी (भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे) शिकारीची डिझाइन्स काढली, मग अँटवर्पमध्ये त्याचे प्रिंट निघाले. हे दरबारी नाही तर काय? आणि ड्यूररचंच १५०४ चं बाण घुसलेलं हरणाचं मुंडकं, ते विसरलात वाटतं.

माळावरचा: ते ग्रेहाउंड बघून आजोबांचा कारवानी, आपला देशी शिकारी कुत्रा, आठवला, सेम पोट सेम जबडा. ससा दिसला की सुटलाच. आता लोक एसीत हस्की पाळतात न् आपल्या कुत्र्याला गावठी म्हणतात, डोकं फिरतं.

खारीचावाटा: सशामागे कुत्रा सोडण्यात कसला अभिमान? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे तो.

माळावरचा: आजोबा त्याच्या आधीचे हो ताई. तुम्ही चिकन खाता का ते सांगा.

खारीचावाटा: चिकन कुठून आलं मधेच! आमच्या शेताकडे आजही रात्री बॅटऱ्या घेऊन कुत्री सोडतात, मागच्या उन्हाळ्यात बांधावर अर्धवट फाडलेली ससीण मी स्वतः उचललीय, पोटात पिल्लं होती. त्याचं कौतुक ऐकून घ्यायचं?

माळावरचा: ते चोरटे, त्यात कुत्र्याचा काय दोष. तो त्याच कामासाठी घडलाय, घरात बांधून ठेवला तर सोफा खातो.

खारीचावाटा: मग पाळू नका.

तिरशिंगराव: धागा कुत्र्यांनी पळवला.

भटकभवानी: बरं, स्ट्राडानुस दरबारी, घ्या, जिंकलात, हार घालते. पण चित्रकार देपोर्त तर फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचाच माणूस, शिकारीमागे वही घेऊन फिरायचा, तरी १७०२ च्या चित्रात राजाच्या कुत्र्या बॉन, नॉन, पॉन अशा नावानिशी आहेत. चमच्याला पण नजर असते!

तिरशिंगराव: नावं कुत्र्यांची. ज्यांना मारलं त्यांची कुठे लिहिली ते दाखवा, मग बोलू.