१० इंची टेबल सॉला घरी गार्ड करायचाय, ४ मिमी अ‍ॅक्रिलिक चालेल का?

कळवा_पूर्व: लोकल बनावटीचं मशीन आहे, २ एचपी मोटर, १० इंची ब्लेड. शाफ्ट जागचा हलत नाही, काप कमी खोल हवा तर टेबल वर घ्यावं लागतं. गार्ड नाही, ब्लेडमागची पातही नाही. घरात ४ मिमी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा पडलाय. त्याची पेटी करून फेन्सला (लाकूड सरळ नेणारी बाजूची पट्टी) स्क्रूने अडकवली तर? काम बहुतेक १९ मिमी प्लाय आणि सागाच्या पट्ट्या.

रंधा४५: आधी पात, मग पेटी. गार्ड बोटं वाचवतो, किकबॅक थांबवत नाही. चिरलेला साग आवळला की मागून वर येणारे दात त्याला उचलून तुमच्याच पोटावर फेकतात. ते थांबवते ती ब्लेडमागची पात, म्हणजे रायव्हिंग नाइफ.

जाडीचा हिशोब: दातांची रुंदी आणि ब्लेडच्या पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजा (पुष्कळ ब्लेडांवर ३.०/२.० असं कोरलेलंच असतं). पात या दोन्हींच्या मधली हवी, म्हणजे इथे २.५ मिमी. ३ मिमी घातलीत तर लाकूड पातीवर अडकेल. २ मिमी घातलीत तर काप मागे मिटेल आणि लाकूड दातांना लागेल. ब्लेडकडची कड १३२ मिमी त्रिज्येची ठेवा, म्हणजे दातांपासून ५ मिमी अंतर राहतं. ८ च्या पुढे जाऊ नका. वरचं टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा २-३ मिमी खाली, तरच टेबल वर घेऊन खाच मारता येईल.

रबाळे-महापे एमआयडीसीत लेझर कटिंगवाले ड्रॉइंग दिलं की कापून देतात. स्टेनलेसच घ्या, खाडीकाठच्या हवेत एमएसला (साध्या लोखंडाला) एका पावसाळ्यात गंज धरतो. कापून आल्यावर बर (कडेचे धारदार कंगोरे) कानसने काढा, पुढची धार थोडी गोल करा. बेअरिंग हाऊसिंगला ५०×५०×६ अँगलवर दोन एम८ बोल्टने बांधा. एकच बोल्ट लावलात तर ती फिरते. भोकं लांबट ठेवा, सरकवायला जागा हवीच.

वाशी_वर्कशॉप: एवढा उपद्व्याप कशाला? थ्रोट प्लेटमध्ये (टेबलात ब्लेडभोवती बसणारी झाकणपट्टी) मागच्या बाजूला लाकडाची पाचर बसवा, झालं.

रंधा४५: पाचर प्लेटवर असते, ब्लेडवर नाही. यांचं टेबल उचललं की माथा खाली जातो, दात पुढे सरकतात आणि मधलं अंतर वाढतं. बेअरिंग हाऊसिंगला बांधलेली पात असली की ही भानगडच नाही. फक्त थ्रोट प्लेटची फट मागे पात जाईल इतकी लांबवा.

जुळणी तपासायला सरळ स्टील पट्टी ब्लेडच्या पुढच्या-मागच्या दातांना टेकवून मागे पातीपर्यंत न्या. पट्टी आणि पात यांच्यात झेरॉक्सचे दोन कागद जेमतेम सरकले पाहिजेत, डावीकडे आणि उजवीकडे सारखेच.

भुसाबाबा: आता पेटी. अ‍ॅक्रिलिक नको. दाताचा तुटलेला कार्बाइड तुकडा लागला तर ते काचेसारखं फुटतं. पॉलिकार्बोनेट घ्या, ५ मिमी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कोपऱ्यातली चिंचोळी पट्टी वाकवून बघा: अ‍ॅक्रिलिक कटकन मोडतं, हे वाकून राहतं.

फेन्सला अडकवू नका. फेन्स सरकवली की पेटी ब्लेडवर चढेल. टेबलच्या मागे उजवीकडे ४०×४०×२ मिमी चौकोनी पाइपचा खांब, त्यावर आडवा हात, त्याला पेटी. ब्लेड टेबलवर ७५ मिमी येत असेल तर टेबलाच्या पातळीला ते साधारण २३२ मिमी लांब दिसतं, म्हणून पेटी आतून ३०० मिमी तरी हवी. दोन्ही बगला पॉलिकार्बोनेटच्या, वर १२ मिमी प्लाय, त्यात भुसा ओढणाऱ्या होजचं भोक. ब्लेड मधोमध नको: फेन्सकडे १५ मिमी, पलीकडे ३० मिमी. मग पट्टी आणि ढकलकाठीला थोडी जागा मिळते.

पॉलिकार्बोनेटला एम५ स्क्रूसाठी ६ मिमीचं भोक, खाली वॉशर. चपट्या डोक्याचा काउंटरसंक स्क्रू लावला की भोकाभोवती चीर पडते. लॉकटाइट किंवा थिनरही नको, त्यानेही तडे जातात. नायलॉक नट लावा, साबणाच्या पाण्याने पुसा.

कळवा_पूर्व: भारी! २० मिमीपेक्षा बारीक सागाच्या पट्ट्या कशा काढायच्या? तिथे पेटीची बगलच फेन्सला टेकेल.

भुसाबाबा: टेकतेच. बारीक पट्टी फेन्सकडे ठेवूच नका, पलीकडे पडू द्या. रुंद लाकूड फेन्सला लावून प्रत्येक कापाआधी फेन्स आत घ्या: हवी ती रुंदी अधिक ३ मिमी, कापाचे. वेळ जातो खरा, पण गार्ड जागेवर राहतो. लोक याच जागी गार्ड काढून कोपऱ्यात टाकतात आणि तो तिथेच राहतो.

बसवल्यावर प्लग काढा, ब्लेड हाताने पूर्ण फिरवा, पेटी दोन्ही बाजूंना जोर लावून ढकला. दाताला टेकली तर हात लवतोय, खांबाला तिरपा आधार वेल्ड करून घ्या. काम करताना पेटी लाकडाच्या ५-६ मिमी वर.

वाशी_वर्कशॉप: पाचरीचं मागे घेतो. स्विच साधा खटक्याचा आहे का? असेल तर डीओएल स्टार्टर लावा. लाइट जाऊन परत आली की खटक्याच्या स्विचवर मशीन आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा तुम्ही पेटी उचलून ब्लेड साफ करत असाल. स्टार्टरची कॉइल सुटली की हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही.