विमानात बाळाला मांडीवर घेऊन बसण्याची परवानगी काढून घ्यावी का?

चर्चाप्रस्ताव

चारचाकी गाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसू नये, त्याच्यासाठी वेगळी चाइल्ड सीट असावी, हे आता पुष्कळ पालकांना पटलेले आहे. मात्र तेच पालक त्याच बाळाला दोन वर्षांचे होईपर्यंत विमानात मांडीवर धरून बसतात. विमान धावपट्टीवर टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर असतो, तरीही त्यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण नियमच तशी मुभा देतो. ही मुभा काढून घ्यावी आणि वय कितीही असो, प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन व त्याच्या शरीराला साजेसे बंधन असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मी बाळाला घट्ट धरेन’ हा विश्वास हिशेबापुढे टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चौदा पट बळ येते. म्हणजे दहा किलोचे मूल हातात धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल, आणि तीही धक्का कधी बसणार हे ठाऊक नसताना. हे गणित विमानातही बदलत नाही. मोठ्या प्रवाशांची आसने पुढच्या दिशेने बसणारा गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसतील अशी तपासली जातात. मांडीवरच्या मुलासाठी मात्र अशी कोणतीही कसोटी नाही.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील स्यू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले. त्यात मांडीवर बसलेली चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पालकांना त्यांना पायांपाशी जमिनीवर ठेवून धरायला सांगण्यात आले आणि त्या चौघांपैकी एक मूल दगावले. त्याची आई जळत्या विमानाकडे परत निघाली होती. तिला अडवणाऱ्या प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षे या नियमाविरुद्ध आवाज उठवला. १९९४ साली अमेरिकेतीलच शार्लट येथे झालेल्या विमान अपघातात नऊ महिन्यांची मुलगी आईच्या हातांतून निसटून मरण पावली, आई मात्र वाचली. ती मुलगी योग्य आसनात बांधलेली असती तर बहुधा वाचली असती, असे तपास करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले. उड्डाणापूर्वी चहाची किटली आणि हातातली पिशवीसुद्धा बंदिस्त करायला लावणारी व्यवस्था केवळ तान्ह्या मुलाला मोकळे सोडते, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

प्रतिसाद १ : जोखमीचे गणित शिकवणारा एक वाचक

आपण सांगितलेल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि त्या वाचताना माझाही जीव गलबलला. तरीही आपल्या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो मुलांच्याच जिवासाठी आहे.

नियम बदलला तर त्याचा परिणाम विमानात बसलेल्या कुटुंबांपुरता राहणार नाही, तो न बसणाऱ्या कुटुंबांवरही होईल. दोन वर्षांखालील मुलासाठी पूर्ण तिकीट घ्यावे लागले, तर काही कुटुंबे विमान सोडून तोच प्रवास गाडीने करतील, आणि प्रत्येक किलोमीटरमागे मृत्यूची शक्यता रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी अधिक असते. २००३ साली अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा हिशेब मांडला आहे. सक्तीमुळे त्या देशात विमान अपघातांतील साधारण ०.४ बालमृत्यू दरवर्षी टळतील, म्हणजे अडीच वर्षांत एक, असा अंदाज त्यात आहे. याउलट पाच ते दहा टक्क्यांहून अधिक कुटुंबे रस्त्याकडे वळली, तर रस्त्यावर वाढणारे मृत्यू या वाचलेल्या जिवांपेक्षा जास्त भरतील. तेथील विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती न करण्याचा निर्णय याच कारणाने घेतला. मुलासाठी आसन घ्या, असा सल्ला मात्र ते प्रशासन आजही देते.

विमानात मेलेले मूल आपल्याला दिसते, त्याच्या आईची गोष्ट आपण ऐकतो. नियमामुळे महामार्गावर मेलेल्या मुलाच्या मृत्यूला ‘नियमामुळे’ असे कोणी म्हणणार नाही, त्याची नोंद साधा रस्ता अपघात म्हणूनच होईल. कायदा करणाऱ्याने या न दिसणाऱ्या मुलाचाही विचार करायला हवा.

प्रतिसाद २ : केबिन क्रूमध्ये काम केलेली एक आई

मी प्रस्तावाच्या बाजूची आहे, पण वर दोघांनीही अपघाताचाच विचार केला आहे याचे आश्चर्य वाटते. विमान कोसळणे फार दुर्मीळ असते; हवेतले जोराचे धक्के मात्र आमच्या रोजच्या कामाचा भाग असतात. निरभ्र आकाशात, कोणतीही पूर्वसूचना नसताना विमान काही क्षण खाली जाते, तेव्हा पट्टा न लावलेली मोठी माणसेसुद्धा छतावर आपटतात. अशा वेळी झोप लागून हात सैल पडलेल्या आईच्या मांडीवरचे बाळ कुठे जाईल, याचा विचार मी प्रत्येक लांबच्या उड्डाणात करत असे.

आईच्या पट्ट्यातून ओवून बाळाच्या पोटाभोवती बांधायच्या लहान जोडपट्ट्याविषयीही सांगायला हवे. युरोपात तो आवश्यक मानला जातो, अमेरिकेत त्याला मनाई आहे. तो वरखाली होणाऱ्या धक्क्यांत बाळाला उडू देत नाही, हे खरे; पण विमान समोरून धडकले तर आईचे शरीर पुढे दुमडते आणि मध्ये असते ते बाळ. एकाच साधनाविषयी दोन खंडांतल्या तज्ज्ञांचे मत इतके परस्परविरोधी असावे, यावरूनच मांडी ही मुलाला बसवायची जागा नव्हे हे कळते.

ज्यांना आजच स्वेच्छेने सीट न्यायची आहे त्यांनी काही गोष्टी आधी तपासाव्यात. गाडीची प्रत्येक सीट विमानात चालत नाही. विमानात वापरण्यास मान्यता असल्याचा मजकूर सीटवर छापलेला असावा लागतो. बूस्टरला, म्हणजे थोड्या मोठ्या मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीला, खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि प्रवासी आसनांना बहुधा केवळ कमरेचा पट्टा असतो, म्हणून उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बूस्टर चालत नाही. सीट शक्यतो खिडकीपाशी लावावी, म्हणजे आणीबाणीत इतरांची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत तर ती लावताच येत नाही. विमानाची आसने अरुंद असल्याने तिची रुंदी घरी मोजून निघावे. साधारण १० ते २० किलो वजनाच्या, एकट्याने नीट बसणाऱ्या मुलांसाठी आसनाच्या पाठीला बांधायचा ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा संच मिळतो, त्याला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. तो पिशवीत मावतो. मात्र तो गाडीत वापरायचा नसतो.

प्रतिसाद ३ : तीन मुलांचा बाप

विमानाचे राहू द्या, गाडीतल्या चाइल्ड सीटच्या सक्तीविषयीही मला शंका आहे, आणि ती मांडल्यावर लोक मला निष्काळजी बाप ठरवतात याचे वाईट वाटते. तान्ह्या मुलाला सीट हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी अमेरिकेतील प्राणघातक अपघातांच्या सरकारी नोंदी तपासून २००८ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की दोन वर्षांवरील मुलांचे मृत्यू टाळण्यात साधा सीट बेल्ट चाइल्ड सीटइतकाच उपयोगी ठरतो. तसे असेल तर आठ-आठ वर्षांच्या मुलांपर्यंत ही सक्ती ताणण्याला आधार काय?

या सक्तीची किंमतही मोजायला हवी. बहुतेक गाड्यांच्या मागच्या बाकावर तीन सीट शेजारी शेजारी मावत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या मुलासाठी गाडीच बदलावी लागते. २०२० साली दोन संशोधकांनी अमेरिकेपुरता याचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात या कायद्यांमुळे ५७ मुलांचे जीव वाचले, पण सुमारे ८,००० मुले जन्मालाच आली नाहीत, कारण कुटुंबांनी तिसऱ्या अपत्याचा विचार सोडला. या दोन आकड्यांची तुलना करावी की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. मला तिसरी मुलगी आहे, त्यामुळे मला तो आकडा नुसता आकडा वाटत नाही.

प्रतिसाद ४ : लहान मुलांची अस्थिशल्यचिकित्सा करणारा एक डॉक्टर

वरील प्रतिसादात अर्धेच चित्र आले आहे. लेविट यांचा निष्कर्ष निर्विवाद नाही. २००६ साली दुसऱ्या एका संशोधक गटाने दोन ते सहा वर्षांच्या मुलांचाच अभ्यास केला. त्यांना चाइल्ड सीटमुळे मृत्यूचा धोका सीट बेल्टच्या तुलनेत २८ टक्क्यांनी कमी झालेला आढळला, आणि चुकीच्या रीतीने वापरलेल्या सीट धरूनही ही घट २१ टक्के होती.

शिवाय मृत्यू हीच एकमेव मोजपट्टी नव्हे. मोठ्यांसाठी बनवलेला पट्टा चार वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या हाडांवर बसत नाही, तो वर सरकून पोटावर येतो, आणि खांद्याचा भाग मानेला काचतो म्हणून मूल तो पाठीमागे टाकते. मग धक्का बसताच शरीर पट्ट्यावर दुमडते आणि आतडी, यकृत, प्लीहा व कमरेचे मणके यांना इजा होते. असे मूल मृतांच्या यादीत नसते. ते आमच्याकडे येते. बूस्टरचे काम अगदी साधे आहे : मुलाला इतके उंच बसवायचे की पट्टा कमरेच्या हाडांवर आणि खांद्याच्या मध्यावरून जावा.

तान्ह्या बाळाला मागे तोंड करून बसवण्यामागेही शरीररचनाच आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसल्यावर पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यात अडकते व जड डोके तेवढे पुढे झेपावते. पाठमोऱ्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत रुततात आणि बळ सगळ्या अंगावर पसरते. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना जेमिनी अंतराळयानातील अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली आणि १९६४ साली त्यांनी अशा आसनाचा पहिला नमुना तयार केला. त्या देशात मुले चार वर्षांपर्यंत पाठमोरी बसतात. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळावे : पुढच्या आसनाची एअरबॅग चालू असताना पाठमोरी सीट तिथे कधीही लावू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

मला खरी काळजी वाटते ती चुकीच्या वापराची. अमेरिकेतील पाहणीत सुमारे ४६ टक्के सीट चुकीच्या रीतीने वापरलेल्या आढळल्या. पट्टा इतका घट्ट हवा की खांद्यापाशी त्याची चिमूट धरता येऊ नये. आत जाड कोट नसावा; तो धक्क्याने दबतो आणि पट्टा आपोआप सैल होतो. अजून एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : सीट झोपण्याची जागा नव्हे. प्रवास संपल्यावर झोपलेल्या बाळाला तसेच बसवून ठेवले तर मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो, आणि मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

प्रस्तावकाचे उत्तर

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. पहिल्या प्रतिसादातील युक्तिवाद मला बोचला, कारण तो मी आधी विचारात घेतलाच नव्हता. पण तो संपूर्णपणे एका गृहीतकावर उभा आहे : मुलाच्या आसनाचे पैसे पालकानेच भरायचे. हे निसर्गाचे नियम नव्हेत. विमान कंपन्यांनी दोन वर्षांखालील मुलाला नाममात्र दरात आसन दिले, तर कुटुंबे रस्त्याकडे वळण्याचे कारणच उरत नाही. त्यामुळे मी मागणी मागे घेत नाही, तिचा क्रम बदलतो : आधी आसन परवडेल अशी सोय व्हावी आणि मग सक्ती यावी.

तीन मुलांच्या वडिलांना एवढेच सांगतो की आपल्याला निष्काळजी मी म्हणणार नाही. मात्र तीन सीट न मावणे हा गाड्या बनवणाऱ्यांचा दोष आहे. त्यासाठी मुलाचे संरक्षण कमी करणे मला मान्य नाही.

प्रतिसाद १ चे लेखक, पुन्हा

नाममात्र दराचा भार शेवटी इतर प्रवाशांच्या तिकिटांवर पडेल, आणि त्यांच्यातही मुलांसह प्रवास करणारी, काटकसर करणारी कुटुंबे असतील. तेवढाच पैसा रस्त्यावरील सीट नीट बसवून देणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर खर्च केला, तर अधिक मुले वाचतील असे माझे मत कायम आहे. वर डॉक्टरांनी दिलेला चुकीच्या वापराचा आकडा मला या सबंध चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र सक्तीऐवजी कंपन्यांनी स्वेच्छेने सवलत दिली तर मी तिचे स्वागतच करीन.

प्रतिसाद २ च्या लेखिका, पुन्हा

सवलत येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांचे बाळ मांडीवरच असणार आहे त्यांनी कमी गर्दीचे उड्डाण निवडावे, मान्यता असलेली सीट सोबत न्यावी आणि चढण्यापूर्वी शेजारचे आसन रिकामे आहे का, हे विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. रिकामे असेल तर पुष्कळ कंपन्या तिथे सीट लावू देतात. मी स्वतः कितीतरी वेळा अशी सीट लावायला मदत केली आहे, आणि त्या उड्डाणांत बाळ व आई दोघेही झोपलेली पाहिली आहेत.